खोली शोधून देणारी ऑनलाइन सेवा : ‘पडताळणी झालेली’ म्हणजे नेमके काय?

पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तेव्हा सत्र सुरू व्हायला जेमतेम तीन आठवडे उरले होते आणि वसतिगृहाची यादी माझ्या नावाच्या बरीच आधी संपली होती. शहर मोठे आणि पूर्ण अनोळखी असल्यामुळे विद्यार्थ्यांना भाड्याच्या खोल्या शोधून देणारी एक ऑनलाइन सेवा मी वापरली. तिचे नाव देत नाही, कारण मी चाळून पाहिलेल्या इतर सेवांची रचनाही जवळपास अशीच होती.

निवड करण्यापुरती ही सेवा खरोखर उपयोगी आहे. खोली स्वतंत्र की सामायिक, विजेचे बिल भाड्यात धरले आहे की मीटरप्रमाणे वेगळे, करार मुदतीआधी सोडल्यास किती महिन्यांचे भाडे भरावे लागेल, हे सगळे आधीच कळत असल्याने एका संध्याकाळीच माझी यादी नऊ खोल्यांवर आली. मात्र महाविद्यालयापासूनचे अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजलेले असते, हे मला उशिरा समजले. दीड किलोमीटरवरच्या एका खोलीच्या वाटेत रेल्वेमार्ग आडवा येत होता आणि पुलावरून वळसा घालून चालत जायला चाळीस मिनिटे लागत होती.

माझी मुख्य तक्रार ‘पडताळणी झालेली’ या हिरव्या खुणेबद्दल आहे. ती पाहून मी पहिली खोली न बघताच ठरवली. नंतर ग्राहक सेवेकडे चौकशी केली तेव्हा कळले की घरमालकाचे ओळखपत्र आणि मालकीची कागदपत्रे तपासली की ही खूण मिळते. खोलीत पाऊल कोणीच टाकत नाही. जाहिरातीत क्षेत्रफळ दहा चौरस मीटर दिले होते. टेप लावून मोजले तर लांबी ३.१ मीटर आणि रुंदी २.६ मीटर, म्हणजे आठ चौरस मीटरच्या किंचित वर. दाराच्या कोपऱ्यातून रुंद कोनाच्या भिंगाने काढलेल्या छायाचित्रात प्रशस्त वाटणारी ती जागा पलंग आणि टेबल ठेवल्यावर इतकी आक्रसत होती की कपाटाचे दार अर्धेच उघडे, आणि विजेचा एकमेव सॉकेट नेमका त्याच कपाटामागे होता.

अशा वेळी अनामत रकमेची व्यवस्था कामी आली, आणि ती या सेवेची सर्वांत चांगली बाजू म्हणावी लागेल. किल्ली मिळाल्यापासून ४८ तास ही रक्कम घरमालकाला दिली जात नाही. मी मोजमापाची छायाचित्रे जोडून त्याच दिवशी तक्रार केली आणि अकराव्या दिवशी पूर्ण रक्कम परत मिळाली. सेवाशुल्क मात्र बुडाले. ते परत मिळत नाही हे अटींमध्ये, अर्थातच सर्वांत बारीक अक्षरांत, लिहिलेले होते.

दुसरी खोलीही याच सेवेतून घेतली, पण आधी घरमालकीणबाईंना व्हिडिओ कॉलवर मुख्य दारापासून खोलीपर्यंत न थांबता चालायला, नळ सोडून दाखवायला आणि खिडकी उघडायला सांगितले. त्यांनीही न कंटाळता हे सगळे केले आणि शेवटी स्वतःहून टेप आणून भिंतीला लावली. पाचपैकी तीन गुण देते. ती खूण खोली पाहून दिली जात असती, तर चार दिले असते. आताच्या खोलीचे भाडे पहिलीपेक्षा थोडे जास्त आहे, पण कपाटाचे दार पूर्ण उघडते.