थंड पॅड आणि माझे ७,७०० रुपये

मी बँकेत एकतीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली बरीचशी लोकांच्या सह्या ताडून बघण्यात गेली. चेकवरचा आकडा अक्षरांशी जुळला नाही, तर माणूस कितीही ओळखीचा असो, चेक परत. असा मी, घरापासून तीन किलोमीटरवर, भर दिवसा, हातात चहाचा कप धरून ७,७०० रुपयांना फसलो. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. पुढे आणखी संधी आहेत.

गाडी म्हणजे आमची नऊ वर्षांची वॅगन-आर. जुलैमध्ये पार्किंगात रंगकाम चाललं होतं म्हणून ती चार दिवस बाहेर पावसात उभी होती. पाचव्या दिवशी काढली, तर ब्रेक दाबला की पुढून खर्र आणि मागोमाग चीं. डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती, बिडाची असते, एका रात्रीच्या पावसात तिच्यावर तांबूस गंज चढतो आणि दहा-बारा वेळा ब्रेक दाबला की तो खरवडून जातो. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. आमचा जुना मिस्त्री दर पावसाळ्यात सांगायचा. पण तो दुकान बंद करून भोरकडे गावी गेला, आणि नेमक्या त्याच शनिवारी, १९ जुलैला, सोसायटीच्या गेटवर टेबल मांडून ‘मोफत ब्रेक तपासणी’ लागली होती. एकसारखे टी-शर्ट घातलेली दोन पोरं होती. एकाने गाडी पुढे-मागे करून आवाज ऐकला, तोंड पाडलं आणि म्हणाला, “काका, घाटात नेऊ नका हां ही. पोरंबाळं असतात गाडीत.”

पुढचं तुम्हाला पाठ असेल. घाबरवायचं, गॅरेजला न्यायचं, काचेच्या केबिनमध्ये बसवायचं, गार पाण्याची बाटली द्यायची. सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूचं गॅरेज, नाव लिहीत नाही, वकिलांनी नको सांगितलंय. केबिनच्या काचेला जाहिरातींचे स्टिकर इतके चिकटवलेले की आपली गाडी कुठल्या कोपऱ्यात आहे तेही दिसू नये. तेव्हा मला ते नीटनेटकं वाटलं होतं!

आता तो क्षण. दहा-बारा मिनिटांत टी-शर्टवाला पोरगा हातात ब्रेकचा पॅड, म्हणजे डिस्कला घासून गाडी थांबवणारा, अस्तर लावलेला लोखंडी तुकडा, घेऊन आला. “हे बघा काका, तुमचा पॅड. नुसतं लोखंड राहिलंय.” मी तो हातात घेतला. पॅड थंडगार होता. मी शनिवारच्या सिंहगड रस्त्यावरून तीन किलोमीटर गाडी आणलेली, म्हणजे दर वीस फुटांवर ब्रेक. तो पॅड निदान कोमट तरी असायला हवा होता. बाहेर भुरभुर चालू होती, आणि पॅड कोरडा ठणठणीत. त्याच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं होतं, बोटाच्या पेराएवढं, धुळीने भरलेलं. फिरत्या चाकात कुठला कोळी संसार मांडतो? आणि मी काय केलं, तर ते जाळं माझ्याच अंगठ्याने पुसलं, पॅड उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, “किती होतील?”

रात्री दोन-दोन वाजता उठून मी हा अंगठा बघतो. हात सगळं सांगत होता. विचारलं का नाही? केबिनमध्ये आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती, एक तर माझ्या जावयाच्या वयाचा. त्यांच्यासमोर “पॅड गार कसा?” म्हणणं म्हणजे कंजूष म्हातारा ठरणं. शिवाय समोरचा पोरगा इतका अदबशीर की संशय घेणं मलाच असभ्य वाटलं. माझ्या जागी तुम्ही असता तर विचारलं असतं, असं म्हणणाऱ्यांना माझा नमस्कार.

बिल असं: पुढचे पॅड १,८५०, डिस्क फेस करणे (म्हणजे घासून सपाट करणे) १,२००, कॅलिपर किट १,४००, आवाज न येण्याची पट्टी ६००, ब्रेक ऑइल ४५०, क्लीनर स्प्रे ३५०, किरकोळ सामान २५०, मजुरी १,६००. एकूण ७,७००. “पक्कं बिल हवं असेल तर अठरा टक्के वर पडतील काका.” म्हणजे १,३८६ रुपये. हिशेब मी तोंडी केला, त्यात मी हुशार. कच्चं बिल घेतलं. क्यूआर कोड स्कॅन केला तर मोबाइलवर गॅरेजचं नाव आलं नाही, कुणा बाईंचं आलं. “मॅडमचं अकाउंट आहे.” बरं, असेल मॅडमचं. जुने पॅड मागितले, तर म्हणे कंपनीला परत पाठवावे लागतात. कुठल्या कंपनीला? हेही विचारलं नाही. घरी आल्यावर हिने पहिला प्रश्न केला, “पक्कं बिल कुठंय?” तो विषय इथे वाढवत नाही, घरात पुरेसा वाढलाय.

गाडीचा आवाज मात्र बंद झाला होता. होणारच! गॅरेजला जाऊन येईपर्यंत गंज उडाला होता.

१७ ऑगस्टला सासवडला बहिणीकडे गेलो होतो. परतताना भाचा बरोबर होता, तो हडपसरला भाड्याने राहतो, औंधच्या आयटीआयमधून शिकलाय आणि भोसरीत नोकरी करतो. दिवे घाट उतरताना मस्तानी तलाव दिसायला लागला, तेवढ्यात काहीतरी जळाल्याचा वास आला. मला वाटलं पुढचा ट्रक. भाचा म्हणाला, “मामा, गाडी डावीकडे ओढतेय. सेकंड टाका, ब्रेकवर पाय ठेवू नका, आणि खाली गेल्यावर बाजूला घ्या.” वडकीला थांबलो. डाव्या चाकाजवळ हात नेला तरी झळ लागत होती. त्याने रिमवर बाटलीतलं दोन थेंब पाणी टाकलं, चर्र झालं. डिस्कवर पाणी ओतायला मी पुढे झालो, तर त्याने माझा हातच धरला. तापलेली डिस्क पाण्याने वाकडी होते, तडकते. मागच्या सीटवर ही रामरक्षा म्हणत होती.

चाक गार झाल्यावर हळूहळू हडपसर गाठलं आणि त्याच रात्री त्याच्या बिल्डिंगखाली ट्यूबलाइटच्या उजेडात त्याने चाक उघडलं. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, मग जॅक, आणि जॅकच्या भरवशावर न राहता खाली लोखंडी स्टँड. पॅड डिस्कवर दाबतो तो कॅलिपर. त्याला दोन पिना असतात, त्यांच्यावर तो मागेपुढे सरकतो आणि दोन्ही बाजूंचे पॅड डिस्कला सारखे चावतात. खालचा बोल्ट काढला की कॅलिपर कवाडासारखा वर उघडतो. त्याने तो तारेने बांधून ठेवला. ब्रेकच्या रबरी पाइपवर वजन आलं तर पाइप आतून फाटतो, आणि वरून काहीच दिसत नाही.

खालची पिन पक्कडने ओढूनही येईना. कशीबशी आली तर तिला पिवळं साधं ग्रीस फासलेलं आणि रबर फुगून टम्म. पेट्रोलियमचं ग्रीस या रबराला चालत नाही, सिलिकॉनचं लागतं. पिन अडकली, म्हणजे ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासतच राहिला, आणि घाटात तापला. माझी गाडी घाटात न्यायच्या लायकीची नाही, हे त्या पोराने आधी खोटं सांगितलं आणि मग स्वतःच्या हातांनी खरं करून दाखवलं.

मग त्याने पॅड काढले. पाठीची लोखंडी पट्टी काळी कुळकुळीत, पण त्या काळ्याचे पोपडे सुटलेले. “मामा, नवीन पॅडचा रंग असा नखाने निघत नाही.” त्याने अंगठ्याच्या नखाने खरवडायला सुरुवात केली. खालून आधी १ निघाला, मग ४. मग १०. मग २२.

१४ १० २२. आमच्या जुन्या मिस्त्रीला पॅडच्या पाठीवर खिळ्याने तारीख कोरून ठेवायची खोड होती. मीच त्याला हसायचो. ऑक्टोबर २०२२मध्ये त्याने बसवलेले पॅड त्या लोकांनी काढले, कडा पॉलिश पेपरने घासल्या, पाठीवर काळा स्प्रे मारला आणि ‘नवे’ म्हणून मलाच १,८५० रुपयांना परत विकले. माझीच वस्तू मला! अस्तर चार मिलिमीटर शिल्लक होतं. नवा पॅड साधारण दहाचा असतो आणि तीनच्या आसपास आला की बदलतात. म्हणजे जुलैमध्ये माझे पॅड बदलायची गरजच नव्हती.

बाकीचंही तसंच. डिस्क फेस केली म्हणतात, तर काठाला झिजेची कड तशीच होती, नखाला लागत होती. खरंच फेस केली असती तर ती कड आधी गेली असती. आवाज न येण्याची पट्टी नव्हतीच. आणि ब्रेक ऑइल? बॉनेट उघडून डबी बघितली तर आत उकळून काळ्या झालेल्या चहासारखं. नवं ऑइल फिकट पिवळसर असतं. हे बघायला चाक उघडावं लागत नाही, मिस्त्री लागत नाही, डोळे लागतात. शिवाय जाड नवे पॅड बसवताना कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन मागे दाबावा लागतो, त्यामुळे डबीतली पातळी वर चढते. तिथे ती कमाल रेषेच्या खाली होती तशीच होती. गॅरेजला जाण्याआधी या डबीचा मोबाइलवर फोटो काढा, आल्यावर परत काढा. फुकट आहे.

दुसऱ्या दिवशी नाना पेठेतून सामान आणलं: पॅड १,१८०, पिनांचं रबर १६०, ब्रेक ऑइल २१०, सिलिकॉन ग्रीस ९०. एकूण १,६४०. मजुरीपोटी भाच्याने एक मिसळ घेतली. काम करताना ग्रीसचं बोट पॅडच्या अस्तराला किंवा डिस्कला लागू दिलं नाही, पॅड जिथे सरकतात ती जागा तारेच्या ब्रशने घासली, आणि ब्रशने उडणारी धूळ तोंडाने फुंकायला गेलो तर मला ओरडला. सगळं बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी ब्रेक चार-पाच वेळा दाबायला लावला. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिल्यांदा पाय थेट तळाला जातो. कुणी घरी हे करत असेल तर हे विसरून गाडी उतारावर काढू नका. आणि नव्या पॅडचा बॉक्स स्वतःसमोर फोडून घ्या, रिकामा बॉक्स घरी आणा. जुने पॅड तर आणाच, पिशवी बरोबर घेऊन जा. देत नसतील तर उठा.

यानंतर मी न्याय मागायला निघालो.

गॅरेजवाला म्हणाला, “हे पॅड आमचेच कशावरून? महिन्यात तुम्ही कुठेही उघडली असेल गाडी.” कच्च्या बिलावर ना शिक्का, ना गाडीचा नंबर. चौकीत गेलो. तिथले हवालदार बिल वाचून म्हणाले, “गाडी तुम्हीच दिली, पैसे तुम्हीच दिले, काम झालं. फसवणूक कुठाय?” मी पॅडवरची तारीख दाखवली. त्यांनी पॅड हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं आणि “चांगला आहे की अजून” म्हणाले. मग कळलं की रस्त्याची ती बाजू दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत येते. त्या ठाण्यात गणपती तोंडावर आलेले, साहेब बंदोबस्ताच्या मीटिंगला. तीन खेपा झाल्यावर सांगितलं, ही दिवाणी बाब आहे. पैसे मोबाइलवरून दुसऱ्याच बाईंच्या खात्यात गेलेत म्हटल्यावर म्हणाले, मग सायबरला जा. सायबरवाल्यांनी शांतपणे विचारलं, “स्कॅन तुम्हीच केला ना? समोर उभं राहून?” मग हे सायबर नाही. एका कचेरीत गॅरेजच्या परवान्याचं विचारलं, तर तो विषय त्यांच्याकडे नाही. ज्यांच्याकडे आहे म्हणून पाठवलं, त्यांनी तक्रार तीन प्रतींत मागितली, तिन्हींवर शिक्के मारले आणि तिन्ही मलाच परत दिल्या. एक प्रत त्यांनी ठेवायची असते, हे मी त्यांना समजावून सांगितलं! एका हेल्पलाइनवर अठरा मिनिटं सनई ऐकल्यावर तक्रार क्रमांक मिळाला, आठवड्यात संदेश आला: बिलावर जीएसटी क्रमांक नसल्याने तक्रार निकाली. निकाली! मी बँकेत असतो आणि कुणाच्या तक्रारीवर असं लिहिलं असतं, तर मेमो मिळाला असता. आणि प्रत्येक टेबलावर, प्रत्येक, एकच वाक्य: “शिकलेसवरलेले तुम्ही, पक्कं बिल का नाही घेतलंत?” ते १,३८६ रुपये मी बारा ठिकाणी ऐकून फेडलेत.

राहता राहिला जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही, वकील सक्तीचा नाही. कागद तयार करतोय. पुरावे म्हणून आहेत: बाईंच्या नावाची पावती, कच्चं बिल, भाच्याने काढलेले एकवीस फोटो, आणि दोन पॅड. ते दुधाच्या पिशवीत घालून कपाटात लॉकरवर ठेवलेत. तारीख आणखी पुसली जाऊ नये म्हणून हात लावायला बंदी आहे.

आमच्या सोसायटीतल्या आणखी चार गाड्या त्या शनिवारी तिथेच गेल्या होत्या. सगळ्यांच्या दारात जाऊन आलो. पाच जणांनी मिळून तक्रार केली तर वजन पडेल, भाचा एका रविवारी येऊन सगळ्यांची चाकं उघडायला तयार आहे, फुकट. दोघे “बघू” म्हणाले. एकाने दार उघडलं नाही. बी विंगमधल्या गृहस्थांनी ९,२०० दिलेत, त्यांचंही बिल कच्चं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, आतून लाडू आणून दिला आणि म्हणाले, “राहू द्या हो. उघडून बघितलं की उगाच वाईट वाटेल.”