मोठं पोरगं घरात बसलंय: चालू द्यायचं, पैसे तोडायचे, मुदत घालायची की वेगळं काढायचं?

मे महिन्यात आमच्या घरचं भांडण कूलरवरून सुरू होतं. मी एकसष्टचा, गुडघे गेलेले, सकाळी दहा वाजता बादली घेऊन गॅलरीत उभा. मुलगा अठ्ठावीसचा, दार लावून झोपलेला, आणि त्याच्याच खिडकीतला कूलर कोरडा फिरून राहिलेला. इंजिनिअरिंग झालं, पुण्यात दोन वर्षं नोकरी झाली, ती सुटली, मग एमपीएससी. परत येऊन दीड वर्ष झालं तेव्हाची ही गोष्ट.

आमच्या नागपुरात मानेवाड्यापासून त्रिमूर्तीनगरापर्यंत अशी घरं काही कमी नाहीत. ओळखीतल्या चार घरांनी चार रस्ते धरले, त्यातले दोन आम्हीही चालून पाहिले. तुम्ही ठरवायच्या बेतात असाल तर हे चारही शेजारी ठेवून बघा. त्याआधी एकच तपासा. पोरगा दिवसरात्र झोपतो, आंघोळ टाळतो, मित्रांचे फोनही घेत नाही, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर हा अटींचा विषयच नाही. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, मानसोपचार विभागात न्या, नाहीतर 14416 या सरकारी टेलिमानस क्रमांकावर बोला. फोन फुकट आहे. आजारी माणसाला अटी घातल्या तर तो त्या मोडणारच.

पहिला रस्ता म्हणजे काहीच न करणं. बहुतेक घरं याच रस्त्यावर असतात, फक्त आपण तो निवडलाय हे त्यांना माहीत नसतं. घरात शांतता राहते, ताट वाढलं जातं, पाहुण्यांना ‘तयारी चालू आहे’ सांगता येतं. नोकरी सुटून चार-सहा महिने झाले असतील किंवा परीक्षा तोंडावर असेल तर हाच रस्ता बरोबर, उगाच घाई करू नका. अडचण अशी की याला तारीख नसते. तुम्ही घातली नाही तर आयोगाची तारीख लागू होते, आणि राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या गटाला 38, मागासवर्गीयांना 43. यूपीएससीचं निदान बरं, खुल्या गटाला 32 वर्षं आणि सहा प्रयत्न. 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, तेव्हा माझ्या मेहुण्याकडे ‘पॅटर्न बदलला, आता नव्याने सुरुवात’ म्हणून आणखी दोन वर्षं मागितली गेली. कारण खोटं नव्हतं. पण मेहुणा आता चौसष्टचा आहे.

दुसरा रस्ता: जेवण आणि छप्पर चालू, पैसा बंद. आमच्या मागच्या गल्लीतल्या एकाने पेट्रोल, रिचार्ज, हातखर्च सगळं एका महिन्यात थांबवलं. तिसऱ्या आठवड्यात पोरगा डिलिव्हरीच्या कामाला लागला. चारही रस्त्यांत परिणाम इतक्या लवकर दुसरा कोणताच दाखवत नाही. ते पाहून आम्हीही केलं आणि सपशेल आपटलो. मी गाडीची चावी कपाटात ठेवली. हिने महिनाभर गुपचूप पाचशे-पाचशे त्याच्या फोनवर पाठवले. कळल्यावर मी चिडलो तर म्हणाली, “पोट्टा चौकातून पायी येऊन राहिला ऊनात, मी काय बघत बसू?” तिचंही चूक नव्हतं, 45 डिग्रीत मलाही पाहवलं नसतं. पण सहा आठवड्यांत पोरगा एवढंच शिकला की बाबांचा ‘नाही’ आईकडे ‘हो’ होतो. नवरा-बायकोचं आधी एकमत नसेल तर या रस्त्याला जाऊच नका.

यात आणखी एक धोका आहे. पैसा अचानक तुटला की पोरं मोबाईलवरचं झटपट कर्ज घेतात आणि वसुलीचे फोन नातेवाइकांना जातात. म्हणून पैसा तोडायचाच तर शून्यावर आणू नका. ठरलेली छोटी रक्कम ठेवा आणि मेडिक्लेमचा हप्ता तर अजिबात थांबवू नका. त्याचं अपेंडिक्स फुटलं तर बिल तुम्हीच भरणार आहात.

तिसरा रस्ता मुदतीचा. यात मी जरा जास्त वेळ घेतो, कारण आम्ही शेवटी इथे येऊन थांबलो.

पहिला कागद मी एकट्याने लिहिला. सहाला उठणे, रोज आठ तास अभ्यास, मोबाईल कमी, दाढी नीट. चौदा कलमं! त्याने वाचलं आणि म्हणाला, “बाबा, तुम्ही काय मला किरायेदार समजून राहिले का? किरायेदाराला तरी दाढीचं कोणी विचारत नाही.” राग आला, पण बोलणं खरं होतं. त्यातली निम्मी कलमं तपासायला मला त्याच्या खोलीबाहेर चौकीदारी करावी लागली असती. ‘अभ्यास केला का’ विचारलं की उत्तर ‘हो’ असतं आणि भांडण सुरू. कूलरची टाकी भरली की नाही हे मात्र विचारावं लागत नाही, दिसतं.

दुसरा कागद तिघांनी बसून लिहिला. दिसणाऱ्या गोष्टीच ठेवल्या. सकाळी नऊच्या आत कूलर भरायचा आणि पाण्याची मोटर त्याने लावायची. आठवड्याची भाजी बुधवार बाजारातून त्याने आणायची. एक तारखेला अडीच हजार खात्यात, त्यात पेट्रोल-रिचार्ज सगळं, मधे मागायचं नाही आणि आईनेही द्यायचं नाही. ते शेवटचं वाक्य हिने स्वतःच्या हाताने लिहिलं. आणि मुदत: पूर्वपरीक्षेचा निकाल. पास झाला तर मुख्य परीक्षेपर्यंत प्रश्न नाही. नापास झाला तर तीन महिन्यांत कोणतंही काम, आवडीचं असो-नसो, अभ्यास त्यासोबत.

‘कोणतंही काम’ लिहिणं सोपं आहे, म्हणून त्याच दिवशी नावंही लिहिली. बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसी, मिहान, अप्रेंटिसशिप. 2024 ला सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना 10,000 विद्यावेतन ठरलं होतं, आयटीआय-पदविकेला 8,000, बारावीला 6,000, वय 18 ते 35. ती पक्की नोकरी नव्हे, काही महिन्यांचं प्रशिक्षण, त्यामुळे त्या योजनेच्या भरवशावर पोराचं लग्न ठरवू नका. पण दीड वर्ष घरात बसलेल्याला रोज सकाळी कुठेतरी जायचं असतं, ही सवय परत लावायला असलं काहीही चालतं. कमाई सुरू झाली की तो लाइटबिल भरणार असं ठरलं. भाडं म्हटलं की त्याला टोचतं, लाइटबिल म्हटलं की नाही.

हा रस्ता संथ आहे. महिनाभर काहीच बदलल्यासारखं वाटत नाही, आणि निकालाच्या दिवशी तुम्ही पाघळलात तर सगळा कागद रद्दीत. पैसा तोडताना पहिल्याच आठवड्यात मन घट्ट करावं लागतं, इथे ते शेवटच्या दिवशी करावं लागतं. तुमचा स्वभाव कोणता ते तुम्हीच बघा.

चौथा रस्ता, वेगळं काढणं. यात दोन प्रकार लोक एकत्र करतात. खोली करून द्यायची, डबा लावून द्यायचा आणि पैसे आपणच भरायचे, हा तर पहिलाच रस्ता, फक्त महाग. आमच्या एका नातलगाने नंदनवनात पोराला अशी खोली करून दिली. तो दुपारी घरी जेवायला येतोच, धुणंही आणतो.

खरोखर बाहेर काढणं मी एकाच परिस्थितीत समजू शकतो: दारू, मारहाण, घरातून दागिने-पैसे जाणं. तिथे मुदत-बिदत लिहीत बसू नका. घर तुमच्या कमाईचं असेल तर सज्ञान मुलाला त्यात राहायचा हक्क नाही, तो आईवडिलांच्या मर्जीने राहतो, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 मध्ये म्हटलंय. साठी उलटलेल्यांना 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यापुढच्या न्यायाधिकरणाकडे जाता येतं. महालातला वडिलोपार्जित वाडा असेल तर गोष्ट वेगळी, त्यात त्याचाही वाटा असू शकतो, आधी वकिलाला विचारा. मुलीचंही वेगळं आहे. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात, स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीची जबाबदारी अठरा वर्षांनी संपत नाही. आणि सून घरात असेल तर तिचे हक्क पोराबरोबर बाहेर जात नाहीत.

चारही रस्त्यांत एक गोष्ट आम्ही कुठेच अडवली नाही: जेवण. ‘काम नाही तर ताट नाही’ म्हणणारे भेटतात. आमच्याकडे तसं केलं असतं तर पहिल्याच रात्री ही उपाशी झोपली असती आणि दुसऱ्या दिवशी मी.

आमचा निकाल यायचाय. कूलर सध्या तोच भरतो, पाइप लावून. पाणी गॅलरीभर सांडतं. सांडू नये असं कागदात कुठे लिहिलेलं नाही, म्हणून मी बोलत नाही, पुसून घेतो.