नौपाड्यातला लॅपटॉप रिपेअरवाला आणि माझी नवी स्क्रीन

मी घरून मराठी मुद्रितशोधन करते, म्हणजे दिवसाचे सात-आठ तास नुसती अक्षरंच बघायची, आणि माझ्या १५.६ इंची लॅपटॉपवर ‘द्ध’ आणि ‘द्घ’ सारखेच दिसायचे, अनुस्वार तर पार फिकट. एका मोठ्या शोरूममध्ये विचारलं तर म्हणे मॅडम ग्राफिक्स कार्डवाला (स्क्रीनवरचं चित्र तयार करायला वेगळी चिप असलेला) लॅपटॉप घ्या, स्क्रीन शार्प होईल. ६५ हजार. घेणारच होते.

त्याआधी ठाण्यात गोखले रोडच्या मागे गल्लीत एक छोटं रिपेअरचं दुकान आहे तिथे गेले, आणि बरं झालं गेले. दादांनी आधी विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर उघडून ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, बघितला, कारण तिथे मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर (विंडोजचा कामचलाऊ ड्रायव्हर) असं आलं असतं तर रिझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनवरच्या ठिपक्यांची संख्या, कमी राहून सगळं धूसर दिसू शकतं, पण माझा इंटेलचा ड्रायव्हर नीट होता. मग त्यांनी माझाच लॅपटॉप एचडीएमआयने त्यांच्या २७ इंची फोरके (खूप जास्त ठिपक्यांच्या) मॉनिटरला लावला आणि माझीच फाइल उघडली. काय सांगू, एकेक वेलांटी, रफार, पाय मोडलेलं अक्षर, सगळं कोरल्यासारखं! माझ्या लॅपटॉपमधलं तेच इंटेलचं ग्राफिक्स, वेगळं कार्ड नाहीच. फक्त माउस जरा अडखळत होता, तर म्हणाले तुमचं पोर्ट जुनं आहे, एचडीएमआय १.४, फोरकेला सेकंदाला ३० च फ्रेम देतं.

म्हणजे दोष पॅनेलचा, लॅपटॉपच्या स्क्रीनचाच. माझं १३६६ बाय ७६८ चं, इंचाला जेमतेम १०० पिक्सेल (ठिपके), त्याच मापात फुल एचडी (१९२० बाय १०८०) घेतलं की १४१. एवढ्याशा जागेत जोडाक्षर बसवायचं तर ते वरचे ४१ पिक्सेल लागतातच हो. कार्ड गेमला, व्हिडिओ एडिटिंगला, थ्रीडीला कामाचं, गेम कमी रिझोल्यूशनवर चालवावा लागला तर तो धूसर दिसतोच, पण साधी अक्षरं पॅनेलच्या मूळ रिझोल्यूशनवर कुठलंही ग्राफिक्स सारखीच दाखवतं.

आयपीएस (बाजूने बघितलं तरी नीट दिसणारं) फुल एचडी पॅनेल बसवून घेतलं, मजुरीसकट साडेसहा हजार. आधी पॅनेल जोडायचा ३० पिनचा कनेक्टर आहे ना ते बघितलं, लॅपटॉपच्या आतली स्क्रीनची केबलही बदलावी लागली कारण जुन्या केबलमधून फुल एचडीचा सिग्नल जात नव्हता, हे त्यांनी पैसे घ्यायच्या आधीच सांगितलं होतं. जुनं पॅनेल परत हातात दिलं. दोन दिवस म्हणाले आणि चार लावले, तेवढी एक तक्रार, माझं काम अडलं होतं.

घरी आल्यावर माझं जुनं डीटीपीचं सॉफ्टवेअर तेवढं पुसट दिसायला लागलं, मी घाबरले, फोन केला. तर म्हणाले, विंडोज १२५ टक्के स्केलिंग करतं, म्हणजे सगळं सव्वापट मोठं करून दाखवतं, म्हणून. त्या प्रोग्रामच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीत जाऊन हाय डीपीआय सेटिंगमध्ये ॲप्लिकेशन निवडायला लावलं, अक्षरं स्वच्छ झाली, मेनू मात्र बारीक झालेत. फोनवर दहा मिनिटं समजावलं, त्याचे पैसे नाही घेतले.