खेतवाडीतून मागवलेला ड्युप्लेक्स: माल, कागद आणि सेवा

रत्नागिरीला मिरजोळे एमआयडीसीत माझं लेथचं वर्कशॉप आहे. मिरकरवाड्याच्या ट्रॉलरचे शाफ्ट आणि लोट्याच्या केमिकल कारखान्यांच्या पंपांचे भाग, ही मुख्य कामं. ३०४, ३१६ हे नेहमीचं स्टेनलेस स्टील इथेही मिळतं. ड्युप्लेक्स (जास्त ताकदीचं स्टेनलेस), मोनेल, हॅस्टेलॉय (दोन्ही गंज न धरणारे निकेलचे मिश्रधातू) लागलं की मुंबईची खेतवाडी गाठावी लागते. तिथल्या ज्या पुरवठादाराकडून मी हल्ली असा माल घेतो, त्याच्याबद्दल लिहितोय.

एका तांडेलकाकांच्या शाफ्टला रबर बेअरिंगखाली खड्डे पडले होते. शाफ्ट अस्सल ३१६चा. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोट खाडीत उभी. बेअरिंगच्या फटीतलं पाणी हलत नाही, त्यातला ऑक्सिजन संपतो, स्टेनलेसवरचा क्रोमियमचा पापुद्रा पुन्हा धरत नाही आणि खारं पाणी धातू खात सुटतं. मी या पुरवठादाराला फोनवर ३१६चाच भाव विचारला. समोरच्याने आधी विचारलं, बोट उभी किती राहते? मग २२०५ हे ड्युप्लेक्स सुचवलं: क्रोमियम २२ टक्के, मॉलिब्डेनम ३, यील्ड ताकद (कायमचं वाकण्याआधी सोसता येणारा ताण) ३१६च्या दुपटीहून जास्त. महाग माल गळ्यात मारतोय म्हणावं, तर रेलिंगच्या बोल्टांना मात्र ३१६ पुरे, उगाच खर्च करू नका, हेही त्यानेच सांगितलं.

बार आला आणि काकांनी खिशातून लोहचुंबक काढून लावला. चिकटला! बंदरावर परीक्षा एकच, चुंबक धरला की स्टील खोटं. काकांचा चेहरा उतरला. ड्युप्लेक्समध्ये जवळजवळ निम्मं फेराइट, म्हणजे लोहाचं चुंबकीय रूप, असतं, चुंबक धरणारच, हे मी सांगून त्यांना पटेना. शेवटी बारच्या टोकावर पंच केलेला हीट नंबर (धातूच्या एका ओतीचा नंबर) आणि ईएन १०२०४ ३.१ सर्टिफिकेटवरचा (उत्पादकाच्या तपासणी दाखल्यावरचा) नंबर शेजारी धरून दाखवला. सोबत एक्सआरएफ गनने (क्ष-किरणांनी धातूतले घटक ओळखणाऱ्या यंत्राने) तपासल्याचा रिपोर्टही होता. तेव्हा कुठे काका शांत झाले. ५० मिमीचा बार, व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला १५.४ किलो; बिलातलं वजनही बरोबर निघालं.

या पुरवठादाराला मी पैसे मोजतो ते या कागदासाठी. बार कापण्याआधी दोन्ही तुकड्यांवर हीट नंबर उतरवतात, त्यामुळे उरलेला तुकडा पुढच्या वर्षीही ओळखता येतो. लोट्याच्या कामात तर हे फारच लागतं. गनला कार्बन दिसत नाही, म्हणजे ३१६ आणि कमी कार्बनचं ३१६एल तिला सारखेच. वेल्डिंगच्या कडेला गंज धरणार की नाही, हे त्या कार्बनवर ठरतं आणि तो आकडा फक्त सर्टिफिकेटवर असतो. आधीच्या एका व्यापाऱ्याने मला पुसट झेरॉक्स पाठवली होती, मालावर नंबरच नव्हता. तो माल मी कारखान्याला दिला नाही.

पॅकिंगवर मात्र मी नाराज आहे. एकदा स्टेनलेसचे बार साध्या लोखंडाबरोबर बांधून आले. लोखंडाचे कण चिकटले, आपल्या दमट हवेत लगेच तांबूस डाग उठले आणि पिकलिंग पेस्ट (डाग काढणारा आम्लाचा लेप) लावून सगळं साफ करावं लागलं. तक्रार केल्यावर आता प्लास्टिक गुंडाळून पाठवतात. कटिंगचे पैसे वेगळे लावतात, माल ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमधून स्वतः उचलावा लागतो. हॅस्टेलॉय सी-२७६ चा छोटा तुकडाही कापून देतात, हे आमच्यासारख्या लहान वर्कशॉपला फार मोठं आहे.

ट्रॉलरवाल्यांनी शाफ्टची ऑर्डर मासेमारी बंदी लागताच द्यावी. जुलैअखेर सगळ्यांनाच घाई असते आणि २२०५ लेथवर ३१६पेक्षा सावकाश चालवावा लागतो.