मर्क्युरी केजी-७ रेसिंग आउटबोर्ड : दोन मोसम चालवल्यानंतरचा अनुभव

विस्कॉन्सिनमध्ये मिलवॉकीच्या आसपास जुनी आउटबोर्ड मोटर, म्हणजे बोटीच्या मागच्या टोकाला बाहेरून टांगायचे इंजिन, मिळवणे मुळीच अवघड नाही. मिळालेली मोटर नेमकी कोणती आहे हे ठरवणे मात्र फार अवघड आहे. एव्हिनरूड मिलवॉकीचीच; कार्ल कीकहेफर यांनी १९३९ मध्ये शेजारच्या सीडरबर्ग गावातला डबघाईला आलेला कारखाना हाती घेऊन मर्क्युरीची सुरुवात केली; आणि जॉन्सनचा कारखाना राज्याची हद्द ओलांडली की इलिनॉयमधल्या वॉकीगनला होता. त्यामुळे इथल्या जुन्या घरांच्या गॅरेजांत आणि तळघरांत या तिन्ही घराण्यांचे सुटे भाग इतके मिसळून गेलेले आहेत की, एकाच मोटरीवर तीन वेगवेगळ्या सालांचे भाग सापडले तरी कोणाला नवल वाटत नाही.

मी घेतलेली मोटर केजी-७ या मालिकेतली, म्हणजे १९५० च्या आगेमागे 'सुपर टेन हरिकेन' या नावाने विकली गेलेली. सिलिंडर दोन, बोअर (सिलिंडरचा व्यास) २ ७/१६ इंच, स्ट्रोक (पिस्टनची चाल) २ १/८ इंच, म्हणजे एकूण १९.८ घनइंच किंवा सुमारे ३२५ सीसी. अमेरिकेतल्या आउटबोर्ड शर्यतींचे वर्ग घनइंचांवर ठरत असत : ए वर्गाला १५, बी वर्गाला २०, सी वर्गाला ३०, डी वर्गाला ४० आणि एफ वर्गाला ६०. त्यामुळे ही मोटर बी वर्गाच्या मर्यादेत अगदी चपखल बसते. कागदावर तिची ताकद दहा हॉर्सपॉवर असली, तरी तो आकडा भलताच विनयशील आहे हे त्या काळापासून सर्वांना ठाऊक आहे. माझी मोटर 'केजी-७एच, कारखान्याचा रेसिंग ब्लॉक' असे सांगून विकायला काढलेली होती; ब्लॉक म्हणजे सिलिंडरांचे ओतीव. नावाच्या पट्टीवर एच होता, खाली क्विकसिल्व्हर हे रेसिंगचे लोअर युनिट (पाण्यात राहणारा गिअर-पंख्याचा भाग) होते आणि रंग नवाकोरा होता. विक्रेत्याने एक्झॉस्टचे झाकण उघडून दाखवण्यास नकार दिला, म्हणून मी साध्या मोटरीचीच किंमत देऊ केली आणि थोड्या घासाघिशीनंतर ती मान्य झाली.

पट्टी, रंग आणि लोअर युनिट या तिन्ही गोष्टी ब्लॉकविषयी काहीच सांगत नाहीत, हे या खरेदीच्या मुळाशी असलेले माझे गृहीतक होते आणि दोन मोसमांनंतर ते अधिकच पक्के झाले आहे. पट्टी काढून दुसरीकडे बसवता येते. साध्या केजी-७ चे डोके, म्हणजे वरचे सगळे इंजिन, क्विकसिल्व्हर युनिटवर बसवले की, दोन हात अंतरावरून ती मोटर रेसिंगचीच दिसते. शिवाय केजी-७क्यू या नावाने क्विकसिल्व्हर युनिट लावलेल्या मोटरी कंपनीच विकत असल्यामुळे हा संभ्रम आजचा नाही. ओतीव कामावरच्या क्रमांकावर बरेच लोक विसंबतात. परंतु तो क्रमांक साच्याचा असतो. साच्यातून निघालेल्या ओतिवावर पुढे कोणते यंत्रकाम झाले, पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतल्या वायूच्या खिडक्या) किती उंचीवर कापले गेले, हे त्यातून कळण्याचा मार्ग नाही. ब्लॉक ओळखायचा तर आतूनच ओळखावा लागतो.

आणि आत शिरण्याची वाट मर्क्युरीच्या या ब्लॉकमध्ये अरुंद आहे. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, त्यात लोखंडी लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) ओतकामातच बसवलेले आणि सिलिंडरहेड (सिलिंडरचे वरचे झाकण) ब्लॉकशी एकजीव. हेड सुटे नसल्यामुळे ते उचलून वरून डोकावता येत नाही. पिस्टन बाहेर काढायचे तर क्रँककेस उघडून खालून काढावे लागतात. ही रचना गैरसोयीची असली, तरी ओळख पटवणाऱ्याला तिचा एक मोठा फायदा मिळतो. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवण्याची युक्ती इथे चालत नाही, त्यामुळे स्पार्क प्लगच्या भोकातून ब्युरेटने तेल सोडून मोजलेले ज्वलनकक्षाचे घनफळ जर दोन्ही सिलिंडरांत सारखे आणि अपेक्षेप्रमाणे आले, तर त्या बाजूने कोणी हात घातलेला नाही असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. माझ्या मोटरीत ते सारखे आले.

खरी कहाणी एक्झॉस्टच्या बाजूला होती. झाकणाचे बोल्ट या वयाच्या मोटरींत अ‍ॅल्युमिनियममध्ये गंजून घट्ट बसलेले असतात. आधी रात्रभर भेदक तेल, मग मंद आचेची ऊब आणि पाना उलटसुलट अगदी थोडा थोडा फिरवणे, याखेरीज दुसरा उपाय मला माहीत नाही. (त्यामुळे झाकण उघडण्यास नकार देणाऱ्या विक्रेत्याची भीती अगदीच खोटी नसते. पण ती भीती त्याची असली, तरी तिची किंमत गिऱ्हाइकाने का मोजावी?) झाकण निघाल्यावर एक्झॉस्टचे पोर्ट समोर दिसतात आणि पिस्टन खाली नेला की पोर्टाची वरची कड उजेडात येते. यंत्रावर कापलेली कड एकसारखी असते. हत्याराचे माग एकाच दिशेने, एकाच अंतराने गेलेले असतात आणि दोन्ही सिलिंडरांत ते जुळतात. माझ्या ब्लॉकमध्ये वरच्या कडेवर कानशीचे तिरके ओरखडे होते, एका कोपऱ्यात कानस घसरल्याची खूणही होती, आणि दोन सिलिंडरांच्या पोर्टांच्या उंचीत जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा फरक भरला. कोण्या उत्साही माणसाने साध्या ब्लॉकचे पोर्ट हाताने वर चढवलेले होते, हे तेवढ्यावरच स्पष्ट झाले.

अर्धा मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतो, म्हणून हिशेब मांडणे आवश्यक आहे. ५४ मिलिमीटर स्ट्रोकच्या या इंजिनात एक्झॉस्ट उघडण्याच्या सुमारास पिस्टन अजून बऱ्याच वेगाने जात असतो आणि तिथे पोर्टाच्या उंचीतला एक मिलिमीटर म्हणजे क्रँकचे साधारण सव्वादोन अंश होतात. पोर्ट उघडतो तितका लवकर आणि मिटतो तितका उशिरा, त्यामुळे एकूण उघडा राहण्याचा काळ साडेचार अंशांनी वाढतो. दोन सिलिंडरांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक असेल, तर एक सिलिंडर दुसऱ्यापेक्षा दोन-सव्वादोन अंश जास्त वेळ श्वास सोडत राहतो, आणि एका कार्बुरेटरवर दोघांचे समाधान करता येत नाही.

हे मोजण्यासाठी फ्लायव्हीलवर अंशांची चकती, प्लगच्या भोकात पिस्टन अडवणारा खुंट आणि क्रँककेसवर बांधलेली तारेची खूण एवढे पुरते. खुंट लावून क्रँक एका दिशेने अडेपर्यंत फिरवावा, आकडा टिपावा. मग उलट दिशेने फिरवून दुसरा आकडा टिपावा. दोन्हींचा मध्य म्हणजे टीडीसी, पिस्टनचे सर्वांत वरचे टोक. पिस्टन वर आलेला डोळ्यांनी पाहून टीडीसी ठरवणाऱ्याचे सगळेच आकडे पुढे चुकतात, कारण त्या टोकाला क्रँक कित्येक अंश फिरला तरी पिस्टन जागचा हललेला जाणवत नाही. पोर्ट उघडल्याचा क्षण मी विजेरीच्या उजेडात आणि पातळ फिलर गेजच्या पानाने ठरवतो. स्वस्त बोअरस्कोपही (भोकातून आत पाहायचा छोटा कॅमेरा) मी वापरून पाहिला. समोरच्या बाजूचे ट्रान्सफर पोर्ट (ताजे मिश्रण आत येण्याचे) आणि लायनरवरचे ओरखडे बघायला तो चांगला आहे, पण त्याच्या भिंगातून उंचीचा अंदाज करणे निरर्थक आहे, कारण कडेकडे सर्वच वस्तू वाकड्या दिसतात.

बोअरच्या मापाकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. जुन्या मोटरींचे लायनर घासून मोठे केलेले असतात आणि ०.०३० इंचाचा ओव्हरसाइझ पिस्टन घातला की ३२५ सीसीचे ३३३ सीसी होतात, तर वीस घनइंचांची मर्यादा ३२७.७ सीसीला संपते. हौसेने फिरणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. परंतु जुन्या मोटरींच्या शर्यतीत उतरण्याचा विचार असेल, तर त्या आयोजकांचा नियम ओव्हरसाइझबद्दल काय म्हणतो ते मोटर घेण्यापूर्वीच वाचावे. माझ्या दोन्ही ब्लॉकचे बोअर मूळ मापाच्या आसपास निघाले.

दोन्ही म्हणण्याचे कारण असे की, पहिल्या हिवाळ्यात मला केजी-७ चे आणखी एक डोके मिळाले. गोड्या पाण्यातच वापरलेले असल्यामुळे त्याच्या पाण्याच्या मार्गिका स्वच्छ होत्या. खाऱ्या पाण्यातल्या मोटरींचे ब्लॉक आतून कुरतडल्यासारखे होतात आणि ते दुरुस्तीच्या पलीकडचे असतात. या डोक्याचे पोर्ट अस्पर्शित होते. त्यामुळे एकच बोट, एकच क्विकसिल्व्हर युनिट आणि एकच पंखा ठेवून दोन ब्लॉकची तुलना करण्याची संधी आपसूक मिळाली.

या युनिटमध्ये न्यूट्रल नाही आणि रिव्हर्सही नाही; दोरी ओढून इंजिन पेटले की बोट निघालीच. गिअरचे गुणोत्तर जवळजवळ एकास एक असल्यामुळे इंजिनाचा वेग तोच पंख्याचा वेग. कानशीने वाढवलेल्या पोर्टांचा ब्लॉक याच ठिकाणी त्रास देतो. एक्झॉस्ट लवकर उघडल्यामुळे कमी वेगावर सिलिंडरातला दाब वाया जातो आणि बोट पाण्यावर उचलली जाण्याआधीचा टप्पा ओलांडताना इंजिन धापा टाकते. मला पुढे झुकून, वजन टोकाकडे नेऊन बोट प्लेनवर आणावी लागत असे. एकदा ती उचलली गेली की मात्र वरच्या टप्प्यात हा ब्लॉक मोकळा धावतो. सहा हजार फेऱ्यांना दहा इंच पिचच्या, म्हणजे एका फेरीत दहा इंच पुढे जाणाऱ्या, पंख्याचा हिशेबी वेग ताशी ५६.८ मैल येतो. जीपीएसवर या ब्लॉकने ५० च्या थोडे पुढे मजल मारली, अस्पर्शित ब्लॉक त्याच्या दोनेक मैल मागे राहिला. परंतु अस्पर्शित ब्लॉक पहिल्या-दुसऱ्या ओढीत सुरू होतो, दोन्ही प्लग सारख्या रंगाचे निघतात आणि वळणातून बाहेर पडताना तो चटकन जोर धरतो. बोयाभोवती वळसे घेत चालणाऱ्या शर्यतीत सरळ रेषेतल्या दोन मैलांपेक्षा हे अधिक मोलाचे आहे, असे माझे मत आहे.

कानशीच्या कामाचा दुसरा दंड रिंगांनी भरला. पोर्टाची कड कापल्यावर तिची धार मोडून हलका उतार द्यावा लागतो, नाहीतर पोर्टावरून जाताना किंचित फुगलेली रिंग त्या धारेवर रोज तासली जाते. माझ्या मोटरीत तो उतार दिलेलाच नव्हता. पहिल्या मोसमाच्या शेवटी काढलेल्या रिंगांवर पोर्टांच्या रुंदीएवढे चकचकीत उभे पट्टे पडलेले होते, बाकी रिंग करडी. आणि लायनरवर त्याच जागी नखाला लागतील असे चरे होते. रिंगा बदलल्या, कडांना उतार दिला, तरी चरे राहिलेच. हेड एकजीव असल्यामुळे सिलिंडर वरून बंद असतो, त्यामुळे होनिंगचे (बोअर आतून घासण्याचे) दगड अगदी टोकापर्यंत नेताना वर आपटण्याची धास्ती असते, आणि ते काम करणारा माणूस शोधण्यातच माझा बराचसा वसंत ऋतू गेला. भोसरीच्या टूलरूममध्ये घालवलेल्या वर्षांमुळे मापे घेण्याची सवय अंगात होती. पण बंद टोकाच्या बोअरचे होनिंग मी स्वतः करायला धजावलो नाही.

इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याबद्दल एक गोष्ट नव्या मालकाने लक्षात ठेवावी. या रेसिंग युनिटमध्ये पाण्याचा पंप नाही. बोट वेगात असताना पाणी दाबाने वर चढते. म्हणून मोटर स्टँडवर तपासताना नळीने पाणी दिले नाही, तर पोर्ट वाढवलेले असोत वा नसोत, दोन्ही ब्लॉक सारख्याच घाईने तापतात. आवाज कर्कश आहे, काही तळ्यांवर त्यामुळे ही मोटर लावताच येत नाही, आणि इंजिन बंद करणारी मनगटाची दोरी नसताना ती सुरू करणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

युद्धापूर्वीच्या जॉन्सन पीआर किंवा एव्हिनरूड ४-६० सारख्या मोटरींना वरची पद्धत जशीच्या तशी लागू पडत नाही. त्यांचे सिलिंडर समोरासमोर आणि सुटे असतात, मिश्रण रोटरी व्हॉल्व्हमधून आत येते, आणि त्यामुळे ओळख पटवताना पोर्टांइतकेच त्या व्हॉल्व्हच्या खाचांचे अंश मोजावे लागतात. मर्क्युरीत रीड व्हॉल्व्ह (पातळ पात्यांच्या झडपा) मधल्या बेअरिंगपाशी बसतात आणि ते बदलणे सोपे असल्यामुळे ओळखीचा पुरावा म्हणून त्यांची किंमत कमीच.

सध्या बोटीवर अस्पर्शित ब्लॉक आहे आणि तो तिथेच राहील. अशी मोटर घेऊ इच्छिणाऱ्याने विक्रेत्याकडे पट्टीचे छायाचित्र मागण्यात वेळ घालवू नये. एक्झॉस्टचे झाकण काढून, दोन्ही पिस्टन आळीपाळीने तळाशी नेऊन, पोर्टांच्या वरच्या कडेचे शेजारी व्हर्नियर धरलेले छायाचित्र मागावे. ते मिळाले आणि दोन्ही कडा यंत्राच्या मागांनिशी सारख्या उंचीवर दिसल्या, तर रेसिंगच्या किमतीची बोलणी सुरू करता येतात. ते मिळाले नाही, तर साध्या केजी-७ ची किंमत सांगावी आणि तीतूनही झाकणाच्या तुटू शकणाऱ्या बोल्टांचा खर्च वजा करावा.