एनसीसीची दोन वर्षं: एका आईचा अनुभव

लेक आठवीत एनसीसीच्या ज्युनिअर विंगमध्ये गेली, तेव्हा मला वाटलं, परेड आणि २६ जानेवारीपुरतंच हे असेल. तसं नव्हतं. परेड आठवड्याला होतेच. ‘सावधान’, ‘दाहिने मुड’ आता आमच्या घरातही ऐकू येतं. पण खरा फरक दहा दिवसांच्या कॅम्पनं पडला. पहाटे उठून पीटी, मग ड्रिल, नकाशावाचन, पॉइंट टू-टू रायफलचा नेम, आणि जेवणानंतर रांगेत उभं राहून आपलं ताट आपणच घासायचं. तिथे तिच्याकडे दहा मुलींच्या सेक्शनची जबाबदारी आली. त्यातली एक मुलगी रात्री घरच्या आठवणीनं रडायची. ‘आई, तिला रागवून चालत नाही गं, शेजारी बसावं लागतं,’ असं ती मला सांगत होती, तेव्हा तिच्या हातात ब्रासो लावलेलं फडकं होतं आणि बेल्टचं बक्कल लखलखत होतं. नेतृत्व म्हणजे काय, हे मला त्या रात्री कळलं.

एक तक्रार मात्र आहेच. गणवेश उशिरा आला, बूट एक नंबर मोठे निघाले. आम्ही बाजारातून दुसरे घेतले. सगळ्याच पालकांना ते परवडत नाही, म्हणून मापं आधीच नीट घ्यायला हवीत.

‘ए’ सर्टिफिकेटसाठी, म्हणजे ज्युनिअर विंगच्या दोन वर्षांनंतर परीक्षा देऊन मिळणाऱ्या प्रमाणपत्रासाठी, ७५ टक्के हजेरी आणि एक कॅम्प लागतो, तेव्हा शिकवणीच्या वेळा त्याप्रमाणे ठरवा. धाकट्यालाही मी घालणार आहे.