दोन गुडघे, दोन ग्राफ्ट

माझे दोन्ही एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी बांधून ठेवणारे दोर (लिगामेंट), फुटबॉलने खाल्ले. उजवा 31व्या वर्षी, डावा 37व्या. दोन्ही वेळा अंगावर कुणी आलं नव्हतं; पळता पळता वळलो, पाय जमिनीत रुतला आणि आत 'कट्' वाजलं. तुटलेल्याच्या जागी दुसरीकडची कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारा दोर) बसवतात, तो ग्राफ्ट. उजव्यात गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा लावली, डाव्यात हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागची.

धंदा फरशी बसवायचा, म्हणजे दिवसभर गुडघ्यावर. पहिल्या वेळी हे मला कुणी विचारलंच नाही. "खेळता ना? मग हाच ग्राफ्ट," एवढ्यावर विषय संपला. मीही मान डोलावली.

वाटी आणि नडगी यांना जोडणाऱ्या कंडरेचा मधला तिसरा हिस्सा, साधारण 10 मिमी रुंद, दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा ठेवून काढतात. ग्राफ्ट बसवायला हाडात पाडलेल्या बोगद्यात हाडाला हाड मिळतं, म्हणून तो लवकर धरतो, सहा ते आठ आठवड्यांत. पकडीबद्दल माझी काडीची तक्रार नाही. याच गुडघ्यावर मी पुन्हा बिनधास्त वळलो, उड्या मारल्या. पण गुडघा टेकला की वाटीच्या टोकाखाली खिळा टोचतो. सात वर्षं झाली. जाड पॅड लावून पाहिले, पॅडखाली स्पंज लावून पाहिला. पहिलं वर्षभर जिना उतरतानाही पुढून दुखायचं. शिवाय जखमेच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी जागा बधीर आहे, पण तिची सवय झाली.

डाव्याच्या वेळी प्रश्नांची यादी घेऊनच गेलो. मांडीच्या पुढची क्वाड्रिसेप्स कंडरा जाड असते, टेकायला त्रासही कमी. ती मला पटली होती, पण त्या सर्जनचा हात हॅमस्ट्रिंगवर बसलेला. हाताला सवय नसलेलं काम करून घेऊ नये, हे मिस्त्रीला कुणी शिकवायला नको. घोट्याकडची पेरोनियस लाँगस मीच नको म्हटली, शिडीवर चढताना घोटा लागतो. मृत दात्याची कंडरा घेतली तर आपलं काही कापावं लागत नाही, पण तरुण खेळाडूंमध्ये ती जास्त तुटते. मी तरुण नव्हतो, पण खेळ सोडायचा नव्हता.

हॅमस्ट्रिंगमध्ये मांडीच्या मागच्या दोन कंडरा काढून, दुमडून चार पदर करतात. जाडी 8 मिमीच्या खाली गेली तर तुटायची भीती वाढते, आणि जाडी ज्याच्या-त्याच्या अंगावर असते. माझी साडेआठ भरली. पुढून दुखणं जवळपास नाही. मागून मात्र मांडी पोटरीपर्यंत काळीनिळी. तिसऱ्या आठवड्यात मोजा घालायला वाकलो आणि मागे असं काही सटकलं की नवा ग्राफ्टच गेला वाटलं. गेला नव्हता, फिजिओ म्हणाली, कंडरा काढलेल्या जागी असं होतं. आता दीड वर्ष झालं. पालथं झोपून टाच कुल्ल्याकडे ओढायची म्हटली तर शेवटच्या चार बोटं अंतरात जोरच संपतो.

दोन्हींचा फसवा काळ मात्र एकच. ग्राफ्ट आत गेल्यावर आधी कमजोर होतो, मग हळूहळू लिगामेंटसारखा होत जातो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गुडघा झकास वाटतो आणि नेमका तेव्हाच आतला दोर सगळ्यात कच्चा असतो. उजव्याच्या वेळी मी सहाव्या महिन्यात मैदानात उतरलो. निभावलं, पण ते नशीब. डाव्याला पूर्ण नऊ महिने दिले, तेही फिजिओने एका पायावरची उडी मोजून सोडल्यावर.

खेळायला उजवा: 5 पैकी साडेचार. कामाला तोच 2. डावा दोन्हीकडे 4. पहिल्याच वेळी कुणी धंदा विचारला असता तर उजव्यातही हॅमस्ट्रिंगच घेतली असती.

हल्ली फरशी लावताना डावा गुडघा टेकतो आणि उजवं पाऊल पुढे रोवतो. थापी, लेव्हल, रबरी हातोडा, सगळं उजवीकडे ठेवायला लागलोय.